पॅराकॉर्डची सुई कधी घ्यावी, कशी वापरावी

पॅराकॉर्डचा, म्हणजे पॅराशूटला लावतात तसल्या मजबूत नायलॉनच्या दोरीच्या विणकामाचा, नाद लागला तेव्हा पहिल्याच आठवड्यात मी सुई मागवली. काही गरज नव्हती. मनगटातला साधा कोब्रा विणीचा पट्टा नुसत्या हातांनी होतो. सात इंची मनगटाला साधारण आठ फूट दोरी घ्या (इंचाला एक फूट, वर थोडी जास्तीची) आणि बसा. अगदी शेवटी दोन टोकं मागच्या दोन-तीन फासांखालून सरकवायची असतात, तेवढं बारीक नाकाच्या चिमट्यानं भागतं. म्हणून नवीन माणसाला मी सांगतो, पहिले पाच-सहा पट्टे सुईशिवायच करा. गाठ किती आवळायची ते बोटांना कळू दे.

मी अडलो ते काठीच्या मुठीवर. ट्रेकच्या काठीला 'टर्क्स हेड' घालत होतो. ही पगडीसारखी दिसणारी गोल गाठ. हिच्यात एकच दोरी आपल्याच वाटेनं पुन्हा पुन्हा फिरते. पहिला फेरा सैल असतो, मजेत होतो. दुसऱ्याला जागा कमी पडते. तिसऱ्याला दोरीच्या टोकाचा ब्रश झाला होता. सेलोटेप गुंडाळली, तर ती गाठीच्या आतच निघून राहिली. आई शेजारी मटार सोलत होती. म्हणाली, "अरे, नेफ्यात नाडी ओवतात तसं ओव की. पिन लाव." पिन लावली, तिनं गाठीतल्या शेजारच्या फेऱ्याचा धागा उचकटला. पण आईचं म्हणणं खोटं नव्हतं. टोक ताठ हवं, गुळगुळीत हवं आणि दोरीपेक्षा फार जाड नको.

पॅराकॉर्डच्या सुईला नेढं नसतं. मागून ती पोकळ असते, आत आटे पाडलेले असतात आणि दोरी त्यात स्क्रूसारखी बसते. पुढचं टोक बोथट, गोलसर. टोकदार सुई पाहून भुलू नका, ती दोरीच्या आवरणात घुसते आणि मग मागेही येत नाही. आपली नेहमीची 550 दोरी (म्हणजे 550 पौंड ताण पेलणारी) सुमारे 4 मिलिमीटर जाड असते. तिच्यासाठी भोक दोरीपेक्षा किंचित लहान हवं, म्हणजे आटे धरतात. लांबी तीन इंचांच्या आसपास असली की बहुतेक कामं होतात. 1.2 मिलिमीटरच्या मायक्रोकॉर्डला हीच सुई चालेल अशी आशा धरू नका, तिची बारीक सुई वेगळी घ्यावी लागते.

आता खरं काम, टोक तयार करणं. इथे घाई केली की पुढचा तासभर रडायचं. 550 दोरीत आवरणाच्या आत सात लड्या असतात. (दोरी विकत घेताना टोक उसवून त्या मोजा. नुसता कापसासारखा भरणा निघाला, तर ती पॅराकॉर्डसारखी दिसणारी शोभेची दोरी.) आवरण सेंटिमीटरभर मागे सरकवायचं, लड्या तेवढ्या कापायच्या, आवरण परत पुढे ओढायचं. टोक आपोआप बारीक होतं. मग लाइटरची ज्योत जवळ न्यायची, आत नाही. नायलॉन आक्रसून चमकायला लागलं की थांबायचं आणि चमच्याच्या पाठीवर टोक फिरवून निमुळतं करायचं. बोटांनी नाही! वितळलेलं नायलॉन कातडीला चिकटतं आणि चिकटलेलंच भाजत राहतं. माझ्या अंगठ्यावर खूण आहे. टोकाला गोळा झाला असेल तर ब्लेडनं कापून पुन्हा करा, गोळा सुईत शिरत नाही.

बसवताना दोरी धरून ठेवायची आणि सुई फिरवायची. मी उलटं करायचो. सगळा पीळ दोरीत साठायचा आणि ओवताना ती वेटोळं घालायची. पाच-सहा वेढे बसले की हलकेच ओढून पाहा.

आणि सुई धरून दोरी खेचायची नाही. नव्वद टक्के सुया इथेच निसटतात (आकडा माझ्या वैतागाचा आहे, मोजलेला नाही). सुई फासाखालून ढकला, पलीकडे निघाली की तिच्यामागची दोरी पकडा आणि ती ओढा. सुईचं काम वाट काढण्यापुरतं. फास फार घट्ट असेल तर आधी मार्लिनस्पाइकनं (गाठी उकलायचा लोखंडी टोचा), नाहीतर गुळगुळीत टोकाच्या जाड खिळ्यानं, तो उघडून घ्या.

लड्या काढून चपट्या केलेल्या दोरीवर मात्र या आट्यांची पकड नीट बसत नाही. तिथे टोकात दोन-तीन लड्यांचा बोटभर तुकडा परत भरतो, की सुई धरते. सुट्या लडीनं शिवायचं असेल तर मोठ्या नेढ्याची बोथट सुई पुरते.

पैसे घालायचे नसतील तर विणकामाची पोकळ ॲल्युमिनियमची सुई शोधा. साडेपाच मिलिमीटरच्या आसपासची घ्या, टोकाकडून तीन इंच करवतीनं कापा, कड कानशीनं घासा आणि आत एक स्क्रू पिळून आटे पाडा. माझी दुसरी सुई अशीच झाली. ॲल्युमिनियम मऊ असल्यानं आटे लवकर झिजतात, मग पुन्हा स्क्रू फिरवायचा.

पहिल्या, विकतच्या पितळी सुईचं काय झालं? एकदा दोरी आतच तुटली. तुकडा काढायला त्यात बारीक स्क्रू रुतवून ओढायचा असतो, हे तेव्हा माहीत नव्हतं. मी ती गॅसवर धरली. नायलॉन वितळून सगळ्या आट्यांत बसलं, कायमचं. आता तिच्या टोकानं मी चुकलेल्या गाठी सैल करतो.