पाचशे प्रती आणि हळदीचं पेव

सांगलीजवळच्या हरिपूरची पेवं, म्हणजे हळद साठवायची जमिनीखालची कोठारं, आणि सांगलीच्या हळदपेठेतली माणसं यांवर मी पुस्तक लिहिलं, पदरमोड करून 500 प्रती छापल्या आणि माडीवर गठ्ठे रचले. पुढचे दोन महिने नुसता भेटी देत सुटलो. 60 प्रती अशाच गेल्या. त्यांतल्या बऱ्याच जणांनी ते आनंदानं विकत घेतलं असतं. म्हणून पहिलं पुस्तक काढणाऱ्याला कळकळीनं सांगतो, भेटप्रती आधीच मोजून बाजूला काढा.

किंमतही छपाईआधीच ठरवा. मला प्रत 85 रुपयांना पडली आणि मी किंमत टाकली 150. दुकानदारानं 40 टक्के कमिशन घेतलं की हातात 90 येतात, म्हणजे प्रतीमागे पाच रुपये. त्यात टपाल आणि एसटीचं भाडंही निघत नाही. 220 ठेवायला हवी होती. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, मात्र राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून ऑनलाइन अर्ज करून फुकट मिळतो, त्यासाठी कुणी पैसे मागितले तर देऊ नका.

एका वितरकाला विश्वासानं 100 प्रती दिल्या, माल दिल्याचं चलन न करता. अकरा महिन्यांनी कोपरे दुमडलेल्या 62 परत आल्या, उरलेल्यांचे पैसे आजतागायत नाहीत. फार लागलं मनाला. आता प्रतींची संख्या, कमिशन, हिशेबाची तारीख आणि परतीचं भाडं कुणाचं, एवढं लिहून सही घेतल्याशिवाय गठ्ठा उचलू देत नाही.

विक्रीची खरी वाट मार्केट यार्डात सापडली. एका तोलाईदारानं काट्याशेजारी उभ्यानं चार पानं वाचली. बोटांना हळद होती, पानाच्या कडेला पिवळा ठसा उमटला. म्हणाला, "पेवात उतरायच्या आधी कंदील का सोडत्यात, ते लिवलंय का?" मी एकविसावं पान काढून दिलं. आत हवा कोंडलेली असते, कंदील विझला तर माणूस उतरत नाही. त्यानं ते ओठ हलवत शेवटपर्यंत वाचलं आणि दोन प्रती घेतल्या, एक पुण्यातल्या मुलासाठी. त्या आठवड्यात यार्डात 43 प्रती गेल्या. शहरातल्या पुस्तकांच्या दुकानात वर्षभरात तेवढ्या गेल्या नव्हत्या. तुमचं पुस्तक ज्यांच्याबद्दल आहे, ती माणसं रोज कुठं जमतात ते शोधा आणि तिथं स्वतः जा.

व्हॉट्सॲपवर मुखपृष्ठ टाकून फारसं काही होत नाही. मी कंदिलाचं ते एक पान टाकलं, खाली किंमत आणि यूपीआय क्रमांक दिला, तेव्हा मुंबई-नाशिकहून मागणी आली. पाठवायला टपाल खात्याचं ज्ञान पोस्ट स्वस्त पडतं. मे 2025 मध्ये ते सुरू झालं तेव्हा 300 ग्रॅमपर्यंत 20 रुपये आणि कर असा दर होता. पाकिटावर 'ज्ञान पोस्ट' ठळक लिहायचं. पुस्तक जमिनीवरच्या वाहतुकीनं जातं, तेव्हा गिऱ्हाइकाला उद्याचा वायदा करू नका.

गावोगावच्या वाचनालयांत ग्रंथपालांना प्रत्यक्ष भेटा. अनुदान हप्त्यानं येतं, त्यामुळे बिलाला उशीर होतो, पण पैसे बुडाल्याचा अनुभव मला नाही.

संक्रांतीला औदुंबरच्या साहित्य संमेलनात मी सतरंजीवर पुस्तकं मांडून बसतो. चाळायला ठेवतो ती पिवळ्या ठशाची प्रत. तिच्यावर हात ठेवून माणसं विचारतात, "ही हळद का?" आणि बोलणं सुरू होतं.