जुनं झाड धोकादायक झालंय? करवत लावण्याआधी या चुका टाळा

एप्रिल उजाडला की सोसायटीच्या ग्रुपवर गेटजवळच्या पर्जन्यवृक्षाचा फोटो येतो आणि खाली मागणी: पावसाआधी काढून टाका. झाड जुनं आहे, पोकळ आहे, एवढं कारण पुरतं. वाळकी फांदी पार्किंगवर असेल तर ती उतरवायलाच हवी. तीच मागच्या ओसाड कुंपणावर असेल तर राहू द्या. तांबट आपलं घरटं अशाच वाळक्या, मऊ फांदीत कोरतो.

शेंडा उडवणं. सर्वांत महागात पडणारी चूक हीच. उघड्या पडलेल्या लाकडातून कूज आत शिरते. वर धुमाऱ्यांचं रान माजतं, पण ते वरवर चिकटलेले असतात. काही वर्षांत जड होतात आणि वादळात फाटून खाली येतात. त्यापेक्षा लांब, आडव्या फांद्या टोकाकडून आखूड करा. काप अशा उपफांदीपाशी घ्या, जी कापलेल्या फांदीच्या निदान एक तृतीयांश जाड आहे. जाड फांदीला आधी खालून खाच द्यायची, नाहीतर साल पार खोडापर्यंत सोलत जाते. आतल्या बारीक फांद्या साफ करून टोकाला नुसता झुपका ठेवला की वजन उलट टोकाला जातं.

(कापलेलं लाकूड कंत्राटदाराच्याच ट्रकमध्ये जाणार असेल, तर त्याचा डोळा जाड फांद्यांवर असणारच. कुठल्या फांद्या, किती, हे खडूने खुणा करून लेखी द्या.)

ढोलीत सिमेंट भरणं. ओल आत कोंडते, कूज वाढते आणि पिंगळ्याचं (छोट्या घुबडाचं) घर जातं ते वेगळंच. पोकळ खोड म्हणजे मेलेलं खोड नव्हे. भोवतीची निरोगी भिंत पुरेशी जाड असेल तर झाड उभं राहतं. ती किती जाड आहे हे जाणकाराकडून तपासून घ्या.

ऐन विणीत छाटणी. पावसाआधीची घाई नेमकी पोपट, तांबट, राखी धनेश यांच्या विणीत येते. धनेशाची मादी ढोलीत स्वतःला लिंपून घेते आणि नर फटीतून तिला भरवतो. फांदी गेली तर मादी आतच अडकते. मोठी छाटणी ऑक्टोबर-नोव्हेंबरला उरका. तरीही आदल्या संध्याकाळी अर्धा तास ढोलीकडे बघत बसा. वटवाघळं आणि पिंगळे दिवेलागणीलाच बाहेर पडतात.

मुळं विसरणं. बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक, केबलसाठी चर, आणि मग झाड मुळासकट आडवं झालं की दोष वाऱ्याला. वडाच्या पारंब्या छाटणंही त्यातलंच. जमिनीत रुजल्या की त्याच फांद्यांना टेकू देतात, म्हणून अडचणीच्या पारंब्या पाइपातून खाली उतरवाव्यात.

बुडाशी फळीसारखी कडक अळंबी दिसली किंवा एका बाजूची माती भेगाळून उचलली गेली, तर मात्र वाट बघू नका, वावर थांबवा. झाड काढावंच लागलं आणि मुळं शाबूत असतील, तर ढोलीतल्या पाखरांसाठी दहा-बारा फूट खोड उभं ठेवता येतं. मुळंच कुजली असतील तर ओंडका बागेच्या कोपऱ्यात आडवा टाका, पण इमारतीपासून लांब, वाळवी येणारच.

परवानगी महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाकडून आधी घ्या. 1975 च्या वृक्ष संरक्षण कायद्यात 2021 साली झालेल्या दुरुस्तीनुसार 50 वर्षांवरचं झाड हेरिटेज वृक्ष ठरतं. अर्जासोबत ढोलीचे फोटोही जोडा.