जुन्या लाकडी खिडक्या काढून टाकायच्या आधी एकदा टोचून बघा

गणपतीला गावी गेलं की पहिल्या दिवसाचं ठरलेलं काम म्हणजे खिडक्या उघडणं, आणि त्या काही उघडत नाहीत. खांदा लावा, खालून ठोका, मग एकदाची करकरत उघडते आणि उघडली की परत लागत नाही. आमच्या चिपळूणजवळच्या घरात अशा नऊ खिडक्या आहेत, सगळ्या आजोबांच्या वेळच्या, चौकटी फणसाच्या आणि पल्ले सागाचे. चार वर्षांपूर्वी घरात सगळ्यांचं ठरलंच होतं की काढून टाकू आणि ॲल्युमिनियमच्या स्लायडिंग बसवू, कोटेशनपण आलं होतं. तेव्हा शेजारच्या वाडीतले सुतारकाका सहज आले होते, त्यांनी टोच्या घेतला आणि एकेक चौकट टोचत गेले, मग म्हणाले, "अरे लाकूड कसलं फेकताय, खालची चार बोटंच तर गेलीयेत." तेव्हापासून दर उन्हाळ्यात त्यांच्या हाताखाली बसून मी एक-दोन खिडक्या करतो, त्यातून जे कळलं ते लिहितोय. असं जुनं लाकूड आज वखारीत मागायला जा म्हणजे कळेल आपण काय काढून टाकायला निघालो होतो.

सगळ्यात आधी टोचणं. टोच्या नसेल तर बारीक स्क्रूड्रायव्हर घ्या आणि चौकटीचा खालचा आडवा भाग, उभ्या खांबांचा खालचा वीतभर भाग आणि पल्ल्याची खालची पट्टी, एवढं नीट टोचून बघा. रंग वरून छान दिसतो आणि आत भुसा असतो, त्यामुळे डोळ्यावर विश्वास ठेवू नका. टोक एक-दोन मिलीमीटरवर अडलं तर लाकूड चांगलं आहे, लोण्यात गेल्यासारखं आत गेलं तर तिथे कुजलंय. कुजलेलं लाकूड काळपट होतं आणि चौकोनी तुकड्यांत सुटतं. वाळवी असेल तर ठोकल्यावर पोकळ आवाज येतो आणि भिंतीवर कुठेतरी मातीची बारीक नळी दिसते. भुंगा असेल तर बारीक गोल भोकं आणि खाली पिठासारखी पूड. हे तिन्ही वेगवेगळे आजार आहेत आणि तिन्हीला एकच औषध लावून काही होत नाही. वाळवी तर मुळात जमिनीतून भिंतीतून येते, तेव्हा नुसत्या चौकटीला औषध मारून ती जात नाही, शेजारच्या भिंतीच्या पायथ्यालासुद्धा औषध द्यावं लागतं, ते काम माहीतगार माणसाकडून करून घ्या.

आणि एक, पावसाळ्यात रंधा हातात घेऊ नका! श्रावणात पल्ला अडकतो कारण लाकूड हवेतला ओलावा पिऊन आडवं फुगतं (लांबीला फारसं वाढत नाही, रुंदीला वाढतं), तेव्हा रंधून मोकळा केलात की एप्रिलमध्ये त्याच पल्ल्यातून बोट जाईल एवढी फट दिसते. आमच्या पडवीच्या एका खिडकीचं असंच झालंय, ती फट आता पट्टी मारून बुजवावी लागली. पावसात अडकत असेल तर कडेला मेण किंवा मेणबत्ती घासा आणि नेमकी कुठे घासते तिथे पेन्सिलने खूण करून ठेवा, रंधायचं ते उन्हाळ्यात, तेही खुणेपुरतं. खिडकीचं खरं काम दिवाळीनंतर ते मे या दिवसांतच, लाकूड सुकलेलं असतं तेव्हा. लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या खाली राहिला तर कुजवणारी बुरशी वाढतच नाही, म्हणजे सगळी लढाई पाण्याशी आहे हे लक्षात घ्या.

म्हणून लाकडाला हात लावायच्या आधी पाणी कुठून येतं ते शोधायचं. एकाने बाहेरून बादलीने किंवा पाइपने हळूहळू पाणी सोडायचं, आधी खालच्या बाजूला, मग मध्ये, मग वर, आणि एकाने आत बसून बघायचं. एकदम वरून पाणी मारलं तर कुठून आत आलं तेच कळत नाही. आमच्याकडे नऊपैकी सहा खिडक्यांचा दोष एकच निघाला, खाली बसवलेल्या कडप्प्याचा उतार आतल्या बाजूला होता. कुणीतरी कधीतरी फरशी बदलताना कडप्पा सपाट टाकला, मग घर थोडं बसलं आणि पाणी चौकटीच्या बुडाशी साचायला लागलं, वर्षानुवर्षं. उतार बाहेर पाहिजे, आणि कडप्पा भिंतीच्या बाहेर दीड-दोन इंच आलेला पाहिजे, आणि त्या बाहेर आलेल्या भागाच्या खालच्या अंगाला ग्राइंडरने एक खाच मारून घ्यायची म्हणजे पाणी खालून परत भिंतीकडे येत नाही, तिथेच थेंब पडतो. हे केलं नाही आणि नुसतं नवं लाकूड जोडलं तर पाच-सहा पावसाळ्यांत तेही जाणार.

आता कुजलेला भाग काढणं. इथे घाई करू नका. कुजलेलं संपतं तिथे न थांबता अजून दोन इंच चांगल्या लाकडात जायचं, कारण बुरशी दिसते त्याच्या पुढे गेलेली असते. पटाशीने काढत गेलं की रंग आणि वास दोन्ही बदलतात, आधी काळा भुगा निघतो त्याला ओल्या मातीसारखा वास, मग तपकिरी, आणि मग एकदम फणसाचं पिवळंधमक लाकूड उघडं पडतं, एवढ्या वर्षांचं असून आतून ताजं. तो पिवळा रंग दिसला की काका थांबतात आणि करवतीने तिरका काप घेतात. काप तिरकाच आणि उतार बाहेरच्या बाजूला, म्हणजे उद्या सांध्यात पाणी गेलंच तरी आत न मुरता बाहेर घरंगळतं. मग त्याच जातीच्या जुन्या लाकडाचं ठिगळ बसवायचं. फणसाला फणस, सागाला साग, मोडक्या पलंगाचा पाय, जुन्या दाराची फळी, काहीही चालतं पण चांगलं वाळलेलं पाहिजे, आणि रेषा एकाच दिशेला पाहिजेत, नाहीतर दोघं वेगवेगळे फुगतात आणि सांधा फाटतो.

चिकटवायला साधं पांढरं फेविकॉल वापरू नका, ते पाण्यात सुटतं. मरीन फेविकॉल घ्या नाहीतर अराल्डाइट. फेविकॉलमध्ये भुसा कालवून भोक बुजवायची आपल्याकडे फार सवय आहे, आतल्या कपाटाला ठीक आहे, पावसाच्या अंगाला ते टिकत नाही. नखाएवढा बारीक खड्डा असेल तर एमसील चालतं, दोन्ही गोळे सारखे घेऊन रंग एकजीव होईपर्यंत मळा. पण मोठा खड्डा त्याने बुजवू नका, लाकूड हलतं आणि ते हलत नाही, मग कडेने बारीक चीर पडते आणि त्या चिरेतून आत गेलेलं पाणी बाहेर यायला वाट राहत नाही.

पल्ला खाली आला असेल तर आधी कारण बघा, बिजागरी सैल आहे की पल्ल्याचाच सांधा उघडलाय. पल्ला अर्धा उघडून टोकाला धरून वर उचला, बिजागरीपाशी हलला तर दोष तिथे, कोपऱ्यात फट उघडझाप झाली तर दोष सांध्यात. बिजागरीचे स्क्रू सैल असतील तर लांब स्क्रू मारून बघायचा मोह होतो, त्यापेक्षा जुन्या भोकात बांबूची किंवा सागाची काडी गोंद लावून ठोकून बसवा, वाळल्यावर कापून सपाट करा आणि त्यात नवीन भोक पाडा. स्क्रू पितळी किंवा स्टेनलेसचे, कोकणात लोखंडी स्क्रू गंजून लाकूडपण काळं करतात. पितळी स्क्रूचं डोकं पटकन तुटतं, म्हणून आधी त्याच मापाचा लोखंडी स्क्रू साबण लावून फिरवून आत-बाहेर करायचा आणि मग पितळी बसवायचा, हे काकांनी पहिल्या दिवशीच शिकवलं. सांधा उघडला असेल तर पल्ला उतरवा, जुना गोंद खरवडा, मरीन फेविकॉल लावून दोरीने किंवा शिकंजाने आवळा, आणि सोडायच्या आधी दोन्ही कर्ण मोजा, दोन्ही सारखे भरले म्हणजे पल्ला काटकोनात आहे. मग सांध्यातून आरपार भोक पाडून सागाची खुंटी ठोकायची.

काच. फुटलेली काच काढताना हातमोजे आणि चष्मा, यात तडजोड नको. जुनी लांबी (काच धरून ठेवणारी पुट्टी) दगडासारखी झालेली असते, ती पटाशीने फोडताना शेजारची चांगली काचपण जाते, म्हणून हेअर ड्रायरने हळूहळू गरम करत मऊ करून काढा, काचेवर सरळ झोत सोडू नका. काचेचं माप खाचेच्या मापापेक्षा एक सूत कमी द्या, लांबीलाही आणि रुंदीलाही, म्हणजे साधारण ३ मिलीमीटर. पूर्ण मापाची काच बसवली तर पावसाळ्यात लाकूड फुगल्यावर तडकते. साधारण मापाच्या तावदानाला ४ मिलीमीटरची काच पुरते. लांबी घरी करता येते, चॉक पावडर आणि बेलतेल (रंगकामातलं जवसाचं तेल) पोळीच्या कणकेसारखं मळायचं, हाताला चिकटायचं थांबलं की झालं. खाचेला आधी प्रायमरचा हात मारा, कोरडं लाकूड लांबीतलं तेल ओढून घेतं आणि लांबी सुटून पडते. मग खाचेत लांबीचा पातळ थर, त्यावर काच दाबून बसवायची, बिनडोक्याचे बारीक खिळे, आणि वरून सुरीने तिरका हात. रंग लगेच नको, वरचा पापुद्रा धरायला आठवडा-दोन आठवडे जाऊ द्या, आणि रंगाचा हात काचेवर अगदी काठाला दोन मिलीमीटर चढू द्या म्हणजे पाणी मध्ये शिरत नाही. एक महत्त्वाचं, बेलतेलाने भिजलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात, पाण्यात भिजवून ठेवा नाहीतर उघड्यावर पसरून वाळवा.

गजांकडे कुणाचं लक्ष नसतं. गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा खातो, त्यामुळे गज जिथे चौकटीत शिरतो तिथे तो आतून लाकूड फाडतो. वायर ब्रशने चकचकीत लोखंड दिसेपर्यंत घासा, त्याच दिवशी रेड ऑक्साइड (गंज रोखणारा प्रायमर) मारा, दुसऱ्या दिवसावर ठेवलंत तर सकाळी परत लाल थर आलेला असतो.

रंग काढताना जरा सांभाळून. घरगुती रंगात शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भाग) वर नको हा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला, म्हणजे त्याआधीच्या जुन्या थरांत शिसं असू शकतं. कोरडं घासून धूळ उडवू नका, पाणी लावून वॉटर पेपरने घासा, तोंडाला चांगला मास्क, आणि लहान मुलांना व गरोदर बाईला त्या खोलीपासून लांब ठेवा, खरवडलेला रंग परड्यात झाडाखाली टाकू नका. मग वूड प्रायमरचा एक हात आणि ऑइल पेंटचे दोन. आणि पल्ल्याची बुडाची कड! पल्ला जागेवर ठेवून रंगवला की तिथे ब्रश पोचतच नाही, आमच्या सगळ्या पल्ल्यांची ती कड पहिल्यापासून कोरीच होती, आणि सगळे पल्ले तिथूनच कुजायला लागले होते. पल्ला उतरवून उलटा धरा आणि तिथे प्रायमर दोनदा पाजा, कापलेल्या टोकांनापण, लाकूड टोकाकडून सगळ्यात जास्त पाणी पितं.

शहरातल्या फ्लॅटच्या ॲल्युमिनियम स्लायडिंगबद्दल थोडक्यात, कारण पुण्यातल्या घरी तेच आहे. ट्रॅकमध्ये पाणी भरून आत सांडत असेल तर बाहेरच्या बाजूला खाली बारीक भोकं असतात ती मातीने बुजलेली असतात, तारेने मोकळी करा, बऱ्याचदा तेवढ्यावरच काम भागतं. सरकवायला जड जात असेल तर पल्ला वर उचलून आत काढा, खालचं बेअरिंग झिजलेलं असेल तर जुनं बरोबर घेऊन हार्डवेअरच्या दुकानात जा. मात्र वरच्या मजल्यावर हे एकट्याने करू नका, पल्ला बाहेरच्या बाजूला निसटला तर खाली कुणाच्यातरी डोक्यावर जाईल. चौकट आणि भिंतीमधल्या फटीला सिलिकॉन भरायचं तर व्हिनेगरसारखा वास येणारं घेऊ नका, ते सिमेंटला नीट धरत नाही आणि धातूला गंजवतं, न्यूट्रल लिहिलेलं मागून घ्या, आणि जुनं पूर्ण काढून जागा कोरडी करूनच भरा. आमच्याकडे एका कारागिराने जुन्यावरच नवं फासलं होतं, पहिल्या मोठ्या पावसात सगळी पट्टी सालीसारखी हातात आली.

आमच्या गावच्या नऊपैकी सात झाल्या. आता दरवर्षी मे महिन्यात मी खालच्या सांध्यांना टोचून बघतो, कडप्पा पुसून त्यावर तांब्याभर पाणी ओततो आणि ते कुठे जातं ते बघतो, बिजागऱ्यांना तेलाचे दोन थेंब सोडतो, सगळं मिळून एक सकाळ जाते. देवघराची आणि बाळंतिणीच्या खोलीची अजून बाकी आहे, देवघराच्या चौकटीत वाळवीची नळी दिसलीये त्यामुळे आधी भिंतीचं बघायचंय, सुतारकाका म्हणालेत तुळशीचं लग्न झालं की ये.