अकिलिस टेंडन तुटला: ऑपरेशन करायचं की बूट घालायचा?

खेळताना मागून कोणीतरी टाचेवर लाथ मारल्यासारखं वाटलं, फट्कन आवाज आला, वळून बघितलं तर मागे कोणीच नाही… असं झालं असेल तर पोटरीला टाचेशी जोडणारा जाड पट्टा, म्हणजे अकिलिस टेंडन, तुटलेला असू शकतो, मुरगळलंय म्हणून घरी बसू नका प्लीज. लंगडत चालता येतं, पंजाही थोडाफार खाली दाबता येतो कारण बाकीचे स्नायू ते काम ओढून नेतात, आणि इथेच फसगत होते.

घरी एक टेस्ट करून बघा. पालथं झोपायचं, पावलं बेडच्या बाहेर लोंबू द्यायची आणि कोणाला तरी पोटरी दाबायला सांगायचं. चांगल्या पायाचा पंजा आपोआप खाली जातो, तुटलेल्याचा जवळजवळ हलतच नाही. टाचेच्या वर 2 ते 6 सेंमीवर बोट फिरवलं तर खड्डाही लागतो, पण सूज चढली की तो लपतो. एक्स-रेत टेंडन दिसत नाही, त्यामुळे एक्स-रे नॉर्मल म्हणजे सगळं नॉर्मल असं धरू नका, शंका असेल तर सोनोग्राफी किंवा एमआरआय.

मालीश नको, स्ट्रेचिंग तर अजिबात नको. पंजा खाली झुकलेला ठेवायचा, त्या पायावर वजन न टाकता त्याच दिवशी ऑर्थोपेडिककडे जायचं. आधी सिप्रोफ्लॉक्सासिनसारखी अँटिबायोटिक किंवा स्टेरॉइड घेतली असतील तर तेही सांगा, त्यांनी टेंडन कमजोर होऊ शकतो.

आता मुख्य प्रश्न. तुटलं म्हणजे शिवायलाच पाहिजे असं बऱ्याच जणांना वाटतं, पण तसं नाहीये, पंजा खाली झुकलेला धरणाऱ्या खास बुटातही टेंडन जुळू शकतो. नॉर्वेत 526 पेशंटवर झालेला अभ्यास 2022 मध्ये आला, त्यात बिनऑपरेशन, मोठा छेद आणि छोटा छेद अशा तिन्ही गटांत वर्षानंतर पाय साधारण सारखाच चालत होता. फरक इतकाच की बिनऑपरेशनवाल्यांत 6.2 टक्के जणांचा टेंडन पुन्हा तुटला, ऑपरेशनवाल्यांत 0.6 टक्के. उलट नसेला (मज्जातंतूला) इजा व्हायचं प्रमाण छोट्या छेदात 5.2, मोठ्या छेदात 2.8 आणि बिनऑपरेशन 0.6 टक्के. शिवाय ऑपरेशनमध्ये जखम चिघळायची भीती असते, म्हणून डायबेटीस असेल किंवा सिगारेट ओढत असाल तर माझ्या मते बूटच आधी विचारात घ्या. स्पर्धेत खेळणारे बरेचदा ऑपरेशन निवडतात, तेही समजण्यासारखं आहे. पण बूटचा मार्ग लवकर सुरू केला तरच चालतो, कारण पंजा खाली ठेवल्यावर तुटलेली टोकं जवळ यायला हवीत. कित्येक आठवडे उशीर झाला की टोकं आखडतात, मग बहुतेकदा मोठं ऑपरेशन, कधी पायाच्या अंगठ्याचा टेंडन वळवून जोडावा लागतो.

खरा निकाल लागतो तो पुढच्या महिन्यांत! टाचेखाली वेज (टाच उंच ठेवणारे पाचरीसारखे तुकडे) असलेला बूट, डॉक्टर सांगतील तसे एकेक वेज कमी करायचे, रात्रीही बूट काढायचा नाही जोपर्यंत ते सांगत नाहीत. दुसऱ्या पायात जाड सोलचा बूट घाला, नाहीतर कंबर धरते. बरं वाटतंय म्हणून पंजा वर ओढून ताणू नका, टेंडन लांबून जुळला तर पोटरीची ताकद कायमची कमी राहू शकते. पोटरी अचानक सुजली, दुखायला लागली तर लगेच दाखवा, रक्ताची गुठळी असू शकते, आणि दम लागला किंवा छातीत दुखलं तर सरळ इमर्जन्सीत जा.

पळणं साधारण 4 ते 6 महिन्यांनी, खेळ 9 ते 12 महिन्यांनी, पण तारखेपेक्षा एका पायावर टाच उचलता येते का ते बघा. ती नीट उचलता येईपर्यंत फिजिओ सोडू नका.