रेसिंग स्कूलला जाताय? आधी बूट बघा

कोइंबतूरच्या करी मोटर स्पीडवे या रेस ट्रॅकवर फॉर्म्युला कार (एका सीटची, उघड्या चाकांची रेसिंग गाडी) शिकायला निघाला असाल, तर जाड सोलचे जॉगिंग शूज घरीच ठेवा. या गाड्यांची पेडल्स इतकी जवळजवळ असतात की रुंद बुटाने ब्रेकसोबत ॲक्सिलरेटरही दाबला जातो.

१. पातळ, सपाट सोलचे अरुंद बूट घ्या. साधे कॅनव्हासचेही चालतात, पण चार दिवस आधीपासून वापरा.
२. नाडीची टोकं आत खोचा.
३. गाडीत बसण्याआधी सोल फडक्याने पुसा. ओल्या सोलने पेडलवरून पाय सटकतो.
४. खिसे रिकामे करा. सीटबेल्ट आवळला की किल्ली मांडीत रुततेच!

एक सांभाळा: रेसिंग सूटच्या आत सुतीच कपडे हवेत. नायलॉन-पॉलिस्टर आगीत वितळून कातडीला चिकटतं.