दोन सीटची गाडी, मागे छोटा ट्रेलर आणि लांबचा पल्ला

दोन सीटवाल्या गाडीची अडचण पहिल्याच लांबच्या ट्रिपला कळते. डिकीत दोन मऊ बॅगा कोंबल्या की संपलं, छत कापडी असेल तर वर कॅरियर लावायचा प्रश्नच नाही, आणि रेस ट्रॅकवर जायचं असेल तर चार जास्तीची चाकं, जॅक, टूलबॉक्स, तंबू हे सगळं कुठे ठेवणार, बाजूच्या सीटवर जो बसणार आहे त्याच्या मांडीवर? म्हणून छोटा ट्रेलर. बघणारे हसतात, हसू द्या. मी असा बराच ओढलाय आणि सांगतो, नीट तयारी केली तर मागे काही आहे हे अर्ध्या तासात विसरायला होतं. (तेच धोक्याचं पण आहे.)

सगळ्यात पहिला प्रश्न लोक विचारतात तो इंजिनचा, की एवढंसं इंजिन ओढेल का. ओढेल हो. दीडशे-दोनशे किलो म्हणजे दोन-तीन माणसांचं वजन, त्याने इंजिनला काय होणारे. खरा मुद्दा असा की गाडी स्वतःच हलकी आहे, पहिली माझदा एमएक्स-५ हजार किलोच्याही आत होती, १९९६ ची पहिली लोटस एलिस तर सव्वासातशेच्या आसपास, आणि एवढ्या हलक्या गाडीची शेपटी जर ट्रेलरने धरून हलवली तर गाडी हलते. मोठ्या एसयूव्हीला जो झटका जाणवणारही नाही तो इथे स्टिअरिंगमध्ये येतो. त्यामुळे वजन किती, ते कुठे ठेवलंय आणि ट्रेलर किती उंच आहे, जे काही सांभाळायचं ते यातच.

त्याआधी मॅन्युअल उघडा. बऱ्याच स्पोर्ट्स कारच्या मॅन्युअलमध्ये या गाडीने काही ओढू नका असं सरळ लिहिलेलं असतं, किंवा ओढायच्या वजनाचा आकडाच दिलेला नसतो. अशा गाडीला लोक हिच, म्हणजे मागे ट्रेलर जोडायची जोडणी, लावतात हे खरं, पण काही ठिकाणी ते बेकायदेशीर ठरतं आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते. ट्रेलरचं रजिस्ट्रेशन, लायसन्स, ट्रेलर असताना स्पीड लिमिट, हे सगळं प्रत्येक देशात वेगळं. युरोपात बिनब्रेकच्या ट्रेलरला ७५० किलो किंवा गाडीच्या निम्मं वजन, जे कमी असेल ते, अशी वरची मर्यादा आहे, पण आपल्या कामाला तो आकडा डोक्यातून काढूनच टाका. मी स्वतः ट्रेलर आणि सामान मिळून गाडीच्या वजनाच्या वीस टक्क्यांवर जात नाही, हजार किलोच्या गाडीला दोनशे किलो, बस. कारण छोट्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नसतात, त्यामुळे जेवढे टक्के वजन वाढलं तेवढंच थांबवायचं काम गाडीच्या ब्रेकवर वाढतं, आणि उतारावर ते लगेच कळतं.

हिच विकत घेताना तो गाडीच्या कुठल्या भागाला बोल्ट होतो ते बघा. या गाड्यांना वेगळी चासी नसते, बॉडीच सगळं सांभाळते, म्हणून हिच मागच्या बंपरच्या आतल्या मजबूत माउंटिंगला किंवा टो हुकच्या जागांना धरलेला पाहिजे, पातळ पत्र्याला भोक पाडून लावलेला अजिबात नको. सायलेन्सरचं तोंडही बघून ठेवा. माझ्या पहिल्या ट्रेलरची वायर बरोबर एक्झॉस्टच्या समोर लटकत होती, दोन तासांनी तिचं प्लास्टिक वितळून च्युइंगम झालेलं.

बॉल म्हणजे हिचवरचा गोळा, ज्यावर ट्रेलर बसतो. त्याचा साइज ही गोष्ट किरकोळ वाटते पण इथेच लोक मरतात. ५० मिमी, दोन इंच म्हणजे ५०.८ मिमी, आणि पावणेदोन इंचाच्या थोडा वरचा ४७.६ मिमी असे बॉल मिळतात, आणि दोन इंचाचा कपलर (ट्रेलरच्या दांड्याच्या टोकाची, बॉलवर बसणारी वाटी) ४७.६ वर बसतो, लॉकही होतो, आणि रस्त्यातल्या एखाद्या खड्ड्यात उडून निघतो. दोन्हींवर आकडा कोरलेला असतो, वाचा. लॉक केल्यावर ट्रेलरचा दांडा हाताने जोरात वर उचलायचा, गाडीची मागची बाजू सोबत उचलली गेली पाहिजे. नाही उचलली तर कपलर बॉलवर बसलेलाच नाही, नुसता टेकलाय. सेफ्टी चेन दोन, दांड्याखाली एकमेकींना क्रॉस करून, म्हणजे कपलर सुटलाच तर दांडा रस्त्यात रुतण्याऐवजी चेनच्या झोळीत पडतो. चेन वळणाला ताणली जाणार नाही इतकी सैल आणि रस्त्याला घासणार नाही इतकी आखूड.

आता मुख्य गोष्ट, वजन कुठे. बैलगाडी हाकणाऱ्याला हे सांगावं लागत नाही, मागे जास्त भरली की गाडी उलाळ होते हे त्याला माहीतच असतं. ट्रेलरचंही तेच, फक्त इथे जू वर उचललं जाण्याऐवजी ट्रेलर शेपटीसारखा डावीकडे-उजवीकडे डोलायला लागतो आणि स्पीड वाढेल तसा डोल वाढत जातो. म्हणून जड सामान एक्सलच्या किंचित पुढे आणि एकदम तळाशी, हलकं सामान मागे आणि वर. बॉलवर येणारं वजन एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के ठेवा, पण हिचवर किंवा मॅन्युअलमध्ये बॉलवरच्या वजनाचा वरचा आकडा दिलेला असेल तर तो पाळायचाच. मोजायला घरातला वजनकाटा पुरतो, काट्यावर लाकडाचा ठोकळा ठेवा, कपलर त्याच्यावर टेकवा, ट्रेलर सपाट जमिनीवर आणि लेव्हलमध्ये पाहिजे, आकडा वाचा. कमी आला तर टूलबॉक्स पुढे सरकवा, परत मोजा. पाच मिनिटांचं काम आहे आणि कोणीही करत नाही.

पण हलक्या गाडीत याची दुसरी बाजू पण आहे. समजा १६० किलोचा ट्रेलर, बॉलवर २० किलो. बॉल मागच्या एक्सलच्या साधारण ९० सेमी मागे, आणि एमएक्स-५ च्या पहिल्या मॉडेलचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या एक्सलमधलं अंतर, २२६५ मिमी. तरफेचं साधं गणित केलं तर मागच्या चाकांवर २८ किलो वाढतात आणि पुढच्या चाकांवरचे ८ किलो उचलले जातात. आठ किलो काहीच नाही, पण तुम्ही डिकीतही बॅटरी, हत्यारं, पाण्याचे कॅन भरलेत तर पुढचं टोक अजून हलकं होतं, स्टिअरिंग तरंगल्यासारखं वाटतं आणि रात्री हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यात जातात. म्हणून ट्रेलर लावला की डिकीत फक्त कपडे. मागच्या टायरमध्ये दोन-तीन पीएसआय जास्त हवा आणि हेडलाइटची उंची खाली करायचं चाक असेल तर ते एक खुणेने खाली.

ट्रेलरची उंची गाडीच्या छताच्या वर जाऊ देऊ नका, शक्यतो रुंदीही गाडीच्या आतच. गाडीच्या मागे लपलेला ट्रेलर हवेला फारसा कळत नाही, पण उंच खोका असेल तर तो पॅराशूटच. हवेचा विरोध स्पीडच्या वर्गाने वाढतो, ८० वरून १०० वर गेलात तर दीडपटीहून जास्त. पेट्रोल तिथे जातं, वजनाने नाही. या गाड्यांची टाकी मुळात छोटी, त्यामुळे नेहमी जेवढ्या अंतरावर भरता त्याच्या दोन-तृतीयांशावर पंप शोधायला लागा.

चाकं आणि बेअरिंग. वाटेत अडकून पडलेल्या छोट्या ट्रेलरांपैकी बहुतेक मला इथेच अडकलेले दिसलेत. स्वस्त ट्रेलरला ८ इंची रिम असते, टायरसकट व्यास ४२ सेमीच्या आसपास. ताशी ९० किमीला ते चाक मिनिटाला सुमारे ११४० फेऱ्या मारतं, गाडीचं ५८ सेमीचं चाक ८२० च मारतं. म्हणजे सगळ्यात छोटं बेअरिंग सगळ्यात जास्त पळतं आणि दिवसभर पळतं. बागेतला कचरा चार किलोमीटर नेणाऱ्याला हे कधीच कळत नाही, सलग आठशे किलोमीटर जाणाऱ्याला कळतं. जमलं तर १२ इंची चाकाचा ट्रेलर घ्या. नसेल तर निघायच्या आधी हब (चाकाचा मधला भाग, ज्यात बेअरिंग असतं) उघडून जुनं ग्रीस पुसा, बेअरिंग धुऊन सुकवा, नवीन ग्रीस तळहातावर घेऊन रोलरच्या आतपर्यंत दाबून भरा, सील नवीन टाका. बसवताना चाक फिरवत फिरवत नट घट्ट करा, मग सैल सोडा, मग फक्त बोटांनी घट्ट, आणि नवीन कॉटर पिन. पान्याने आवळून ठेवलेलं बेअरिंग गरम होऊन जातं, त्यापेक्षा किंचित खेळ असलेला बरा.

टायरची हवा गाडीच्या अंदाजाने भरू नका, ट्रेलरच्या टायरवर जो आकडा लिहिलेला असतो तो गाडीच्या टायरपेक्षा बराच जास्त असू शकतो आणि तो थंड टायरचा असतो. टायरचं वयही बघा, नक्षी शाबूत असली तरी उन्हात उभं राहून रबराला बारीक भेगा पडलेल्या असतात, असं टायर लांबच्या प्रवासाला नको. आणि ट्रेलरचं स्टेपनी न्याच, कारण गाडीचं चाक तिथे बसत नाही. गाडीचा जॅक ट्रेलरखाली जातो का हे घरीच करून बघा, मी रस्त्याच्या कडेला पावसात बघितलं होतं, नाही जात.

वायरिंगवर जास्त लिहीत नाही. गाडीला ब्रेक लाइट आणि इंडिकेटर वेगवेगळे असतील आणि ट्रेलरला एकाच बल्बमध्ये दोन्ही असतील तर मध्ये कन्व्हर्टर लागतो. आणि लाइट वेड्यासारखे वागायला लागले, म्हणजे इंडिकेटर दिला की टेल लाइट मंद होतोय वगैरे, तर दहापैकी नऊ वेळा अर्थिंग. बॉलमधून अर्थ मिळेल या भरवशावर राहू नका, गंज आणि ग्रीस आहे तिथे, वेगळी वायर टाका.

सामान रॅचेट पट्ट्याने बांधा, पट्ट्याला एक पीळ द्या म्हणजे वाऱ्यात फडफडून आवाज करत नाही. निघाल्यावर २० किमीवर थांबायचंच. पट्टे सैल झालेले असतात, प्रत्येक वेळी, मी कितीही आवळले तरी. तिथेच हबला हात लावा, कोमट ठीक, हात ठेवता येत नसेल तर पुढे जाऊ नका. चाकाचे नट परत एकदा पान्याने बघा, आणि मग पेट्रोलला थांबाल तेव्हा दरवेळी हीच फेरी, कपलर, चेन, हब, पट्टे, लाइट. दोन मिनिटं.

चालवताना ८० ते ९०, अर्थात तिथलं लिमिट कमी असेल तर कमी. टॉप गिअरमध्ये दम कोंडून ओढण्यापेक्षा एक गिअर खाली, ही इंजिनं फिरायलाच बनवलीत. चढावर थांबून निघताना क्लच अर्धा दाबून गाडी धरू नका, हँडब्रेक वापरा. उतारावर आधीच खालचा गिअर, ब्रेक वळणाच्या आधी सरळ रस्त्यावर, वळणात नाही, कारण वळणात ब्रेक दाबला की ट्रेलर मागून ढकलतो आणि हलकी शेपटी बाहेर जाते. समोरच्याशी अंतर नेहमीच्या दुप्पट. मोठा ट्रक शेजारून जाताना आधी बाहेर ढकलल्यासारखं आणि मग आत ओढल्यासारखं होतं, स्टिअरिंगशी भांडू नका, सरळ धरा.

आणि डोलायला लागला तर. पाय ॲक्सिलरेटरवरून उचला, स्टिअरिंग सरळ धरून ठेवा, बाकी काही करू नका. डोलाच्या उलट स्टिअरिंग फिरवायला गेलात तर तुमचा हात नेहमी अर्धा सेकंद उशिरा पोचतो आणि डोल वाढतो. जोरात ब्रेक नको, स्पीड वाढवून सरळ करायचा जो सल्ला लोक देतात तो तर अजिबात नको. स्पीड उतरला की आपोआप थांबतं. मग बाजूला घ्या आणि सामान पुढे सरकवा, ते न करता परत निघालात तर परत होणारच.

रिव्हर्स हा विनोद आहे. ट्रेलर बुटका, गाडी बुटकी, मागची काच छोटी, आरशात काहीच दिसत नाही आणि जेव्हा दिसतो तोपर्यंत तो काटकोनात वळलेला असतो, कारण दांडा जितका आखूड तितका तो पटकन वळतो. मागच्या दोन कोपऱ्यांना सायकलच्या झेंड्यासारख्या काठ्या लावा, आरशात त्या दिसल्या की अंदाज येतो. नाहीतर सरळ कपलर सोडून हाताने ढकला, मी बहुतेक वेळा तेच करतो. फक्त सोडायच्या आधी ट्रेलरच्या दोन्ही चाकांना अडण लावा, मागे वजन जास्त राहिलं असेल तर कपलर सुटल्यासरशी दांडा वर येतो, आणि तुम्ही नेमके त्याच्यावर वाकलेले असता.