उभ्या गुहेसाठी ॲसेंडर निवडण्याआधी दोराची मांडणी ठरवा

नागफणीच्या किंवा तैलबैल्याच्या कड्यावर दोराने उतरायला शिकलेल्या पुण्यातल्या गिर्यारोहकाला मेघालयातल्या चुनखडीच्या गुहा खुणावू लागल्या की तो प्रथम ॲसेंडरच्या, म्हणजे दोरावर वर सरकणाऱ्या पण खाली न घसरणाऱ्या पकडीच्या, किमतींची चौकशी करतो. माझ्या मते त्याने आधी गुहेत दोर कसा लावला जाणार आहे हे विचारावे आणि मगच खरेदीला जावे. कड्याच्या पायथ्याशी परतीची पायवाट असते. गुहेतल्या उभ्या विवरातून मात्र बहुधा त्याच दोराने वर यावे लागते, आणि दोराच्या मांडणीला न जुळणारी साधने असतील तर थकवा तिथेच गाठतो.

दोर लावण्याच्या मुख्य पद्धती दोन आहेत. अमेरिकेत रुळलेल्या पद्धतीत सुमारे ११ मिलिमीटर जाडीचा, घासणे सोसणारा दोर वरच्या अँकरपासून, म्हणजे कातळातल्या पक्क्या आधारापासून, तळापर्यंत सलग सोडतात आणि कातळाला टेकेल तिथे त्याखाली संरक्षक कापड घालतात. युरोपात वाढलेल्या पद्धतीत ९ ते १० मिलिमीटरचा हलका दोर वापरतात; तो कातळाला घासू नये म्हणून वाटेत ठिकठिकाणी नवा अँकर ठोकून दोर पुन्हा बांधतात, म्हणजे रीबिले करतात, किंवा स्लिंगने, म्हणजे पट्टीच्या फासाने, बाजूला ओढून धरतात. रीबिलेमुळे दोराचे स्वतंत्र टप्पे पडतात आणि एकाच वेळी दोघे-तिघे वेगवेगळ्या टप्प्यांवर चढू शकतात, हा मोठ्या संघाला मोलाचा फायदा आहे.

सलग, लांब आणि मोकळ्या दोरावर रोपवॉकर पद्धत वेगवान ठरते, कारण तिच्यात दोन्ही पायांना ॲसेंडर जोडलेले असल्याने जिना चढल्यासारखे चढता येते. पण प्रत्येक रीबिलेपाशी ते सगळे ॲसेंडर सोडून पुन्हा लावत बसावे लागते. म्हणून रीबिले असलेल्या विवरासाठी, आणि नवशिक्यासाठी तर निश्चितच, मी फ्रॉग पद्धत सुचवतो. तिच्यात छातीवर एक आणि हातात एक असे दोनच ॲसेंडर दोरावर असतात; हातातल्या ॲसेंडरला पाय ठेवायचा फास लटकतो आणि आळीपाळीने बसत व त्या फासात उभे राहत वर चढायचे असते.

फ्रॉगचे यश ब्रँडपेक्षा मापावर अवलंबून असते. प्रस्तरारोहणाच्या हार्नेसचा, म्हणजे कमरेला व मांड्यांना बांधायच्या पट्ट्यांचा, साधने अडकवायचा जोडबिंदू उंच असल्याने प्रत्येक वेळी उभे राहताना मिळणारी उंची घटते. गुहेच्या हार्नेसमध्ये तो खाली असतो आणि अर्धगोल, स्क्रूने बंद होणाऱ्या कडीने जोडला जातो. छातीचा पट्टा इतका ताणलेला असावा की उभे राहताच ॲसेंडर दोरावर आपोआप वर सरकेल. पायाच्या फासात दोन्ही पाय ताठ करून उभे राहिल्यावर हातातला ॲसेंडर छातीवरच्या ॲसेंडरच्या जेमतेम वर यावा, आणि हे माप गुहेत घालायचे बूट घालूनच घ्यावे. हातातल्या ॲसेंडरपासून हार्नेसपर्यंतची सुरक्षा-दोरी अशी असावी की तिच्यावर लटकल्यावरही ॲसेंडर हाताच्या टप्प्यात राहील. फासासाठी न ताणणारी दोरी घ्यावी, अन्यथा पायांचे बळ ताणातच वाया जाते. अँकरला स्वतःला अडकवायच्या काऊटेल, म्हणजे हार्नेसला जोडलेल्या आखूड दोऱ्या, मात्र डायनॅमिक, म्हणजे ताणून झटका शोषणाऱ्या, दोराच्याच हव्यात.

दातेरी ॲसेंडरच्या बाबतीत विशेष जपावे लागते. साधारण ४ ते ६ किलोन्यूटनचा झटका बसला तरी त्याचे दात दोराचे आवरण फाडू शकतात. म्हणून चढताना ॲसेंडर नेहमी जोडबिंदूच्या वर ठेवावा आणि दोरात ढिलाई साचू देऊ नये. ॲसेंडरवर कोरलेली दोराच्या जाडीची मर्यादा खरेदीपूर्वी वाचावी. चिखलाने दात भरले की ते दोरावरून घसरतात, त्यामुळे जुना टूथब्रश सोबत असावा. गिर्यारोहक कार्ल प्रुसिक यांनी १९३१ साली मांडलेल्या, भार पडताच दोर घट्ट पकडणाऱ्या गाठीसाठी बारीक दोरीचे दोन फासही हार्नेसला असावेत. एखादा ॲसेंडर निकामी झाला तर त्यांच्यावर चढता येते.

सराव पुण्याजवळच्या बेसॉल्टच्या कड्यांवर करता येतो, मात्र तिथल्या धारदार कडांवर दोराखाली संरक्षण हवेच. नुसते चढणे पुरेसे नाही: चढता चढता थांबून उतरण्याच्या साधनावर येणे, आणि रीबिले दोन्ही दिशांनी ओलांडणे, हे हातमोजे घालून, काळोखात फक्त हेल्मेटच्या दिव्यावर जमले पाहिजे. हार्नेसमध्ये हालचाल न करता लटकलेला माणूस काही मिनिटांतच बेशुद्ध होऊ शकतो, म्हणून साथीदाराला दोरावरून सोडवून खाली आणण्याचा सराव संघातल्या प्रत्येकाने, अनुभवी व्यक्तीच्या देखरेखीखाली, गुहेत जाण्यापूर्वी पूर्ण करावा.